बसमधलं बिऱ्हाड आणि विजेचे तीन धनी

अमेरिकेतल्या शाळांच्या बसचा पिवळा रंग १९३९ साली ठरला. कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजातल्या फ्रँक सायर यांनी परिषद भरवली, पिवळ्याच्या छटा भिंतीवर टांगल्या आणि त्यातून एक निवडली गेली. आता तीच बस मोडीत निघाली की एखादा हौशी गृहस्थ ती विकत घेतो. कित्येक राज्यांत कायदाच आहे म्हणून पिवळा रंग पुसतो, बाकडी उपटतो आणि आत संसार थाटतो. अशा गाडीला तिथे ‘स्कूली’ म्हणतात.

हौस जुनीच. कादंबरीकार केन केसी १९६४ साली मित्रमंडळींसह ज्या ‘फर्दर’ बसमधून देशभर हिंडले, ती १९३९ची इंटरनॅशनल हार्वेस्टर. त्यांनी टपाला भोक पाडून वॉशिंग मशीनचा ड्रम बसवला आणि वर डोकं काढून बसायची सोय केली. जनरेटर आणि लाउडस्पीकरही चढवला. सोलर नव्हतं, म्हणून भांडणं निदान विजेवरून झाली नसावीत.

आजच्या बसवाल्याचं तसं नाही. पलंग, ओटा, कप्पे हे सगळं तो आनंदाने करतो. मग टपावर पॅनेल चढतात, पोटात बॅटरी-इन्व्हर्टर बसतो, मागे जनरेटर येतो, शिवाय मुक्कामाच्या तळावरचा प्लग असतोच. इन्व्हर्टर वीज बनवत नाही, साठवलेलीच देतो, हे लोडशेडिंगमध्ये दहावीचा अभ्यास केलेल्या मराठी माणसाला सांगावं लागत नाही. स्कूलीवाल्याला ते पहिल्या उन्हाळ्यात कळतं.

बारा व्होल्टची, शंभर अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी म्हणजे जेमतेम सव्वा युनिट. टपावरचा एसी तासाला दीड युनिटच्या आसपास खातो. म्हणजे भरल्या बॅटरीवर तास धड भरत नाही. पॅनेल चारशे वॉटचं असेल तर दिवसभराच्या चांगल्या उन्हातून दीड-दोन युनिट मिळतात. बरं, पॅनेल टपावर पक्कं बसवलेलं, त्यामुळे बस झाडाखाली लावली की आत गारवा, पण वीज नाही; उन्हात लावली की वीज भरपूर, पण ती सगळी एसीलाच जाते. डोंगरातल्या थंडीत आणखी गंमत. शून्य अंशाखाली लिथियमला चार्ज करायचं नसतं, म्हणून बाहेर लख्ख ऊन असताना बॅटरीचं संरक्षण-सर्किट चार्जिंग बंद करतं. मग बॅटरी उबदार ठेवायला हीटर लावतात. तो बहुधा बॅटरीवरच चालतो.

त्याच्याही वरची कडी म्हणजे चार्जरची. बसमधले सगळे सॉकेट इन्व्हर्टरला जोडले आणि बॅटरीचा चार्जर त्यातल्याच एका सॉकेटमध्ये राहून गेला, तर बॅटरी स्वतःलाच चार्ज करत बसते. चार्जरवरचा हिरवा दिवा लागलेला, पंखे घुमतायत, आणि मीटरवरचे आकडे खाली खाली चाललेले. गृहस्थ पॅनेल पुसायला टपावर चढलेला असतो.

बारा व्होल्टवर दीड हजार वॉट खेचायचे तर सव्वाशेहून जास्त अँपिअर वाहणार. म्हणून बॅटरी ते इन्व्हर्टर केबल अंगठ्याएवढी जाड आणि शक्य तितकी आखूड लागते, आणि केबलच्या टोकाच्या लगचा एक नट ढिला राहिला तरी तिथे चटका बसतो. हे काम पलंगाखाली पालथं पडून करावं लागतं, कारण पलंग आधी झालेला असतो.

जनरेटर आणि तळावरची लाइन एकमेकांना भेटू नयेत म्हणून चेंजओव्हर लागतो. इथवर आपला वायरमनही मान डोलवेल. पण तळावरचा तीस अँपिअरचा सॉकेट १२० व्होल्टचा असतो, आणि घराच्या वायरिंगला सरावलेल्या इलेक्ट्रिशियनला तो कपडे वाळवायच्या मशीनच्या जुन्या २४० व्होल्टच्या सॉकेटसारखा वाटतो. बस अंगणात उभी करायची म्हणून मालक तसाच सॉकेट बसवायला त्याला बोलावतो, तो सवयीने दोन फेज देतो, आणि मायक्रोवेव्ह, टीव्ही, चार्जर एकदमच जातात. तिथल्या बसवाल्यांत हा अपघात इतका नेहमीचा, की प्लग खोचण्याआधी मल्टिमीटर काढण्याची दटावणी नवख्याला हमखास मिळते.

खरा वाद मात्र न्यूट्रल आणि अर्थच्या गाठीचा. ही गाठ एका वेळी एकाच ठिकाणी हवी. एकत्र कुटुंबात तिजोरीच्या किल्ल्या एकाच कमरेला असतात, तशी. तळावर जोडलं की गाठ तळाच्या पॅनेलमध्ये. बॅटरीवर असताना चांगला इन्व्हर्टर आतल्या रिलेने ती स्वतः बांधतो आणि बाहेरची वीज आली की सोडतो. दोन ठिकाणी राहिली, तर परतीचा करंट अर्थच्या वायरीतून, म्हणजे बसच्या लोखंडी अंगातूनही वाट काढतो. आणि छोट्या जनरेटरांत बऱ्याचदा गाठच नसते, न्यूट्रल मोकळा. मग बाहेरून येणारी वीज तपासणारं बसचं महागडं संरक्षक यंत्र ‘अर्थ नाही’ म्हणून जनरेटरची चांगली वीज नाकारतं. जनरेटर धडधडतोय, पेट्रोल जळतंय आणि बसमध्ये अंधार.

यावर उपाय म्हणून एक साधा प्लग मिळतो. आत न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना जोडलेले, बाहेर वायर नाही. जनरेटरच्या रिकाम्या सॉकेटमध्ये तो खोचायचा की यंत्राची समजूत पटते. एवढं जमेपर्यंत रात्र झालेली असते, तळावरची शांततेची वेळ लागू होते, आणि शेजारच्या तंबूतून कुणीतरी टॉर्च घेऊन जनरेटर बंद करा म्हणायला येतो.