मोहोरातले पाहुणे

रत्नागिरीत थंडी पडते असं आम्ही म्हणतो तेव्हा पुण्याचे लोक हसतात. हसू देत. डिसेंबरात पहाटे चादरीवर दुसरी चादर ओढावी लागली की आमच्याकडे थंडी पडली. त्या थंडीने कलमांना मोहोर फुटतो, बागांमधून फवारणीचे पंप घुरघुरायला लागतात आणि त्याच सुमारास दहावीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप येतो, "मी येत्ये गं! नाताळची सुट्टी. कोण कोण आहे तिथे?"

कोण असणार? जी इथेच राहिली ती आहे.

परदेशातल्या रत्नागिरीकरांचे हंगाम ठरलेले आहेत. दुबई-मस्कतवाले तिकडच्या शाळा बंद झाल्या की जुलै-ऑगस्टात, ऐन पावसात येतात. बोटीवरची मंडळी काँट्रॅक्ट संपेल तेव्हा. अमेरिका, इंग्लंड, ऑस्ट्रेलियावाल्या डिसेंबरात. मे महिन्यात मात्र कोणी म्हणता कोणी नाही. हापूस भरात असतो तेव्हा न्यू जर्सीतल्या शाळा चालू असतात. त्यांना सुट्टी लागेस्तोवर जून सरत येतो आणि आमच्या आढ्या रिकाम्या होऊन अंगणात शेवाळ धरलेलं असतं. त्यामुळे जिने तिकडच्या शेजारणींना रत्नागिरी हापूसच्या कौतुकाने वात आणला, तिच्या मुलांनी झाडावरचा आंबा अजून पाहिलेला नाही. त्यांनी पाहिलाय तो मोहोर, आणि त्याने येणाऱ्या शिंका. शेवटी आंब्यानेच पुढाकार घेतला. २००७ पासून तो विकिरण वगैरे करून घेऊन रीतसर अमेरिकेला जातो.

माणसांचं येणं इतकं सोपं नाही. विमानाचं तिकीट फेब्रुवारीतच काढलेलं असतं, त्याची चिंता नसते. कोकण रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि नाताळात अख्खी मुंबई गोव्याला निघालेली असते. मडगावला नाचायला जाणाऱ्यांच्या जागा पक्क्या, आणि आईचं घर झाडायला निघालेली बाई वेटिंग लिस्टवर! मग उरतो महामार्ग. त्याच्या चौपदरीकरणाला २०११ साली सुरुवात झाली. तेव्हा तिच्या कडेवर असलेल्या लेकाला आता मिसरूड फुटलंय, तरी त्याला गाडी लागते ती त्याच रस्त्यावर.

माझ्याकडे बंद घरांच्या किल्ल्यांचा जुडगा असतो. वर्षभर न उघडलेलं घर उघडायची एक पद्धत आहे. कुलपात आधी खोबरेल तेलाचे दोन थेंब. दार पावसाने फुगलेलं असतं, ते नुसतं ढकलायचं नाही, किंचित उचलून ढकलायचं. आत गेल्यावर मेन स्विच, मग चौकटीवर बोटाने टकटक करून वाळवीचा तपास. नळातून आधी नुसती हवा फुसफुसते, मग तांबडं पाणी, मग पाणी. मैत्रीण हे सगळं भरल्या डोळ्यांनी मोबाइलवर टिपत असते. मी केरसुणी शोधते.

अर्थात पहिल्या रात्री ती झोपायला माझ्याकडेच असते. दिवसा तिच्याशी धड बोलणं होत नाही. दिवस बँकेचा, केवायसीचा, सातबाऱ्याचा, आणि राहिलेला आत्याबाईंचा. संध्याकाळी जरा टेकली की बसल्या जागी पेंगते. खरी भेट होते ती पहाटे तीनला. आपल्याकडे तीन म्हणजे हिवाळ्यात तिच्याकडे आदल्या दिवशीचे दुपारचे साडेचार, तिला चहा हवा असतो. मला पन्नाशीनंतर तशीही झोप नाही. पडवीत दोघी शाली गुंडाळून बसतो. गणिताच्या बाईंपासून सुरुवात होते, कोणाचं कोणाशी जमता जमता राहिलं त्याची उजळणी होते, आणि मध्येच ती म्हणते, "आईच्या वेळी मी पोचले नाही गं."

मी कपात चहा ओतते.

"तू होतीस ना."

होते. त्यावर पुढे काय बोलायचं हे दोघींनाही माहीत नसतं. थोड्या वेळाने तीच विचारते, "कुळथाची पिठी करशील?" पहाटे साडेतीनला! केली. भातसुद्धा टाकला.

तिच्या मुलाला थिबा राजवाडा दाखवणं हे माझं काम. पोराचं मराठी रविवारच्या मराठी शाळेतलं, मला "आपण दमलात का?" विचारतो. माझा स्वतःचा मुलगा "चल ना यार आई"च्या पुढे गेलेला नाही. ब्रह्मदेशाच्या शेवटच्या राजाला इंग्रजांनी १८८६ साली इथे आणून ठेवलं, हा राजवाडा त्याला १९१० मध्ये मिळाला आणि डिसेंबर १९१६ मध्ये तो इथेच वारला, हे सगळं मी सांगितलं. तो इकडे आणि आमचे टिळक तिकडे मंडालेच्या तुरुंगात, हा योगायोग तर रत्नागिरीकर पाहुण्याच्या हातात पाण्याचा पेला देण्याआधी सांगतो. पोराने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्यांचे मित्र त्यांना भेटायला येत असत का?" मी एवढ्या पाहुण्यांना राजवाडा दाखवला, पण हे कोणी विचारलं नव्हतं. म्हटलं, बाबा रे, कोणी भेटायचं आणि कोणी नाही हेसुद्धा इंग्रज ठरवायचे. म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन इथे त्याच्या समाधीपाशी आले ते थेट २०१२ साली. डिसेंबरातच.

"म्हणजे विंटर ब्रेक," पोरगा म्हणाला.

जायच्या आदल्या दिवशी सामान भरायचं. तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा आणि हुकाला टांगायचा माझा काटा. आमसुलं, कुळथाचं पीठ, मेतकूट, आंबापोळी, तळलेले गरे. आमरसाचे पत्र्याचे डबे आधी आत जातात, मग वजन बघून बाहेर येतात, मग पोराचे बूट बाहेर येतात आणि डबे परत आत. मेलबर्नवालीचं सामान मात्र सुटसुटीत. तिकडे विमानतळावर खाण्याचे जिन्नस जाहीर करावे लागतात. एकदा आमसुलांच्या पुडीवरून तिथल्या अधिकाऱ्याने तिला एवढं छेडलं की तेव्हापासून ती इथेच सोलकढी पिऊन घेते, वर्षभराची.

या डिसेंबरी पाहुण्यांवर माझा राग नाही. रस्ते, दुकानं, समुद्रावरची गर्दी, सगळं बदललं म्हणून त्या हळहळतात, तेवढं सोडलं तर. मी इथे राहून त्यांचं गाव जसंच्या तसं जपायला हवं होतं, असा एक सूर त्यात असतो. मला बाकीची कामं होती.

तेव्हा परदेशी राहणाऱ्या तमाम मैत्रिणींनो, एक मागणं आहे. मुलांच्या शाळेला काय कारण द्यायचं ते तुमचं तुम्ही बघा, पण एकदा मे महिन्यात या. उकाड्याने जीव नकोसा होईल, पाण्याची बोंब असेल आणि रेल्वेचं तिकीट तेव्हाही मिळणार नाही. पण आंबा असेल. आठ दिवस आधी कळवलंत तर घर झाडून, टाकी भरून ठेवते.