पहिली बादली

सौर बंब हे गच्चीवर पाणी तापवणारे आणि पहिल्या मजल्यावर ते थंड पोचवणारे उपकरण आहे. त्याचे दोन भाग असतात. वरचा भाग भौतिकशास्त्राच्या नियमांनी चालतो, खालचा सोसायटीच्या.

वरच्या भागाबद्दल तक्रारीला जागा नाही. काचेखालचा काळा पत्रा उन्हाने तापतो, त्याला जोडलेल्या तांब्याच्या नळ्यांतले पाणी गरम होऊन हलके होते आणि आपले आपण टाकीत चढते. पंप लागत नाही, वीज लागत नाही. दिवसाला १०० लिटर पाणी तापवायला सुमारे २ चौरस मीटरचा पॅनेल पुरतो आणि एवढ्यावर वर्षाला १,५०० युनिटपर्यंत वीज वाचू शकते. देशातली बहुतेक वीज कोळशाची, त्यामुळे एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे वर्षाकाठी टनभर टळला. तांबे आणि काच घडवताना खर्च झालेली ऊर्जा पहिल्या काही वर्षांत फिटते, पुढे निव्वळ नफा. इथवर सगळे उत्तम आहे. मग त्याला नळ जोडला जातो.

एक इंची नळात मीटरमागे सुमारे अर्धा लिटर पाणी मावते. सात मजली इमारतीत गच्चीवरचा आडवा नळ, डक्टमधला उभा नळ आणि बाथरूमपर्यंतचे वळसे धरले तर खालच्या मजल्यापर्यंत ४० मीटर सहज भरतात. म्हणजे रात्रभर नळात पडून गार झालेले २० लिटर पाणी. शिवाय गार नळाची भिंत पहिल्या गरम पाण्याची ऊब पिऊन टाकते, ते वेगळेच. हे पाणी निघून गेल्याशिवाय मागचे येत नाही. त्याला पहिली बादली म्हणता येईल. मात्र ते बादलीत क्वचितच पडते.

पहिल्या बादलीचे वैशिष्ट्य असे की ती उभ्या नळावरच्या एकाच बिऱ्हाडाला भरावी लागते आणि फायदा बाकीच्यांना फुकट मिळतो. त्यामुळे सकाळी साडेपाचपासून इमारतीत एक शांत युद्ध सुरू होते. सगळे जागे असतात, पण नळ कोणी सोडत नाही. चौथ्या मजल्यावर दात घासून झालेले असतात, दुसऱ्यावर टॉवेल खांद्यावर असतो, डक्टच्या खिडकीशी कान लावून वरच्या-खालच्या घरातली धार ऐकली जाते. अखेर ज्यांची कंपनीची बस सहा-दहाला येते ते हार मानतात. नळ पूर्ण सोडला जातो. धारेखाली एक बोट धरले जाते: थंड. चहाचे आधण चढते. पुन्हा बोट: थंडच. गाळणी सापडते, चहा गाळला जातो, पेपर दारातून आत येतो. तिसरे बोट: कोमट, बहुधा मनाचे समाधान. चौथ्या बोटाला चटका बसतो, तेव्हा जाळीतून बादलीभर पाणी गटाराला लागलेले असते आणि सोसायटीच्या ग्रुपवर ‘आज सोलर मस्त आहे’ असा निरोप पडतो. पाठोपाठ सहा मजल्यांवर सहा नळ सुटतात. सात वाजता त्याच इमारतीच्या फाटकातून १०,००० लिटरचा टँकर डिझेलचा धूर सोडत आत शिरतो आणि टँकरचे दर कसे वाढले यावर ओले केस पुसत चर्चा होते.

आता हिशेब. अंघोळीचे १५ लिटर पाणी २५ अंशांनी तापवायला विजेचे अर्धे युनिटही लागत नाही. वीज करायलाही पाणी लागते. २०१५च्या केंद्रीय नियमांनुसार शीतलन मनोरे असलेल्या जुन्या औष्णिक केंद्रांना युनिटमागे कमाल साडेतीन लिटर पाणी वापरता येते. म्हणजे पहिल्या अंघोळीपुरते बोलायचे तर दूरच्या वीज केंद्रात फार तर दोन लिटर पाणी वाचवण्यासाठी बाथरूममध्ये २० लिटर ओतले जाते. हवेचा फायदा खरा आहे, पण पाण्याच्या खात्यात ही पर्यावरणाची सेवा दहापट तोट्यात चालते.

पावसाळ्यात ऊन नसते, म्हणून टाकीत विजेची कॉइल बसवलेली असते. ती चालू करण्याचे काम वॉचमनकडे असते, बंद करण्याचे कोणाकडेच नसते. १,००० लिटर पाणी १० अंशांनी तापवायला सुमारे १२ युनिट जळतात. ते सामायिक मीटरवर पडत असल्यामुळे कोणाच्याही घरातले वाटत नाहीत. भर एप्रिलातही कॉइल चालू राहते आणि सूर्य व कोळसा मिळून एकच पाणी तापवतात.

यातले काहीच अटळ नाही, हे संतापजनक आहे. नळाला जाड उष्णतारोधक आवरण घालता येते. परतीचा नळ, एक छोटा पंप आणि टायमर बसवला की थंड पाणी गटारात न जाता टाकीकडे परत जाते. इमारत उभी राहताना हे किरकोळ खर्चात होते. पण परतीचा नळ ब्रोशरमध्ये दिसत नाही. ब्रोशरमध्ये लॉबीतला इटालियन संगमरवर दिसतो, कारंजे दिसते, ‘इको’ नावाची विंग दिसते. नियमात सोलर हवा असे लिहिले आहे, त्याचे गरम पाणी माणसापर्यंत पोचते का, हे कोणी विचारत नाही. म्हणून पॅनेल चढतात, फोटो निघतो, भोगवटा प्रमाणपत्र मिळते. दोन पावसाळ्यांत आवरण उन्हाने फुटते, कबुतरे ते उचकटतात, बोअरच्या पाण्याचे क्षार नळ्यांत साचतात, आणि तरीही मालमत्ता करातली सवलत दरवर्षी न चुकता घेतली जाते. ज्या माणसाने लाखो रुपये भरून घर घेतले त्याने रोज पहाटे स्वतःच्या पैशाचे पाणी ओतावे, आणि ज्याने नळ वाचवला त्याने पर्यावरणमित्र म्हणून मिरवावे, हा निर्लज्जपणा आहे.

तयार इमारतीत परतीचा नळ टाकायला टाइल्स फोडाव्या लागतात, म्हणून तो विषय सर्वसाधारण सभेत पुढच्या सभेवर जातो. उरतो तो स्वस्तातला उपाय: नळाखाली बादली ठेवणे आणि ते पाणी धुण्याला, फरशीला किंवा झाडांना वापरणे. बादलीला वीज लागत नाही, देखभाल लागत नाही, सर्व्हिसिंगचा करार लागत नाही. तिच्यावर करसवलतही नाही, आणि ती सर्रास न वापरली जाण्याचे दुसरे कारण आढळत नाही.