शंभराला एक

कोलकात्यात मे महिन्यात पंखा बंद करा म्हणणारा माणूस एक तर इलेक्ट्रिशियन असतो, नाहीतर आमच्या काकू. सॉल्ट लेकमधल्या त्यांच्या घरात सकाळी हाक येते, "पंखा बंद, पूड काढतेय!" काका निमूट उठतात, बटण दाबतात आणि घाम पुसत पेपर पुढे वाचू लागतात. आत काकू तोंडाला मास्क लावून सोनाराच्या काट्यावर रंगाची पूड तोलत असतात. ही पूड नाकात जाऊ द्यायची नाही, आणि उडालेला कण ओलसर जागी बसला की तिथे ठिपका उठतो. त्या वेळी घरातली सर्वांत ओलसर जागा म्हणजे काका.

काकूंना लोकर आणि रेशीम घरी रंगवायचा नाद आहे. रंग ॲसिड डायचे. कामवाली मासी ॲसिड म्हटल्यावर दोन दिवस मोरीतच गेली नाही. "अगं, ॲसिड म्हणजे लिंबूफूल," असं काकूंनी ते चाखून दाखवलं तेव्हा कुठे केरवारे सुरू झाले.

नाद लागल्यापासून काकूंना सगळं जग ग्रॅममध्ये दिसतं. हिशेब शंभराला एक: शंभर ग्रॅम लोकरीला एक ग्रॅम रंग. काळा तेवढा हावरट, त्याला तीन-चार लागतात. शेजारच्या घरी नातू झाला. त्याला गुंडाळलेली पांढरी शाल चिमटीत धरून काकूंनी विचारलं, "किती ग्रॅम?" आजी अभिमानाने म्हणाल्या, "तीन किलो!"

मसालेभाताचं मोठं स्टीलचं पातेलं या नादात कामी आलं. त्यावर तांबड्या ऑइलपेंटची फुली आहे. रंगाचं भांडं पुन्हा स्वयंपाकात घ्यायचं नाही, हा काकूंचा सोवळ्याहून कडक नियम. काकांनी एकदा हळूच विचारलं, "मग मसालेभात?" उत्तर आलं, "कुकर आहे ना!"

एरवी काकूंना दम नाही. करुणामयीच्या स्टॉपवर रिक्षावाल्याने सुटे मोजायला वेळ लावला तर त्या स्वतः मोजून देतात. पण पातेल्यापुढे बसल्या की वेगळ्याच बाई. लोकर आधी अर्धा तास कोमट पाण्यात भिजणार, मग रंगाच्या पाण्यात उतरणार, मग आच इतकी हळू वाढणार की बघणाऱ्याचा चहा दोनदा व्हावा. पाण्याला उकळी फुटू द्यायची नाही. कोणी मदतीला चमचा घातला की हातावर चापट बसते. गरम लोकर घुसळली तर तिचा नमदा होतो, आणि मग त्यातून टेबलावर ठेवायच्या गोल चकत्याच निघतात. "हात लावू नकोस. चढू दे." हे "चढू दे" त्या लोकरीला म्हणतात, विरजलेल्या दुधाला म्हणतात आणि भाच्याच्या नव्या नोकरीलाही म्हणतात.

तासाभराने त्या पाहुण्याला बोलावतात. पाहुण्याला वाटतं, आता लोकर दाखवतील. त्या पांढऱ्या बशीत पातेल्यातलं पाणी घेतात आणि उजेडात धरतात. पाणी नितळ. मघाशी शाईसारखं होतं, आता त्यात रंगाचा मागमूस नाही, सगळा धाग्यात गेला. "बघ, बघ!" लोकर कुठल्या रंगाची निघाली ही बाब दुय्यम.

आणि ती दुय्यमच असलेली बरी. काकू वहीत तारीख, वजन, थेंब सगळं लिहितात, आणि मोरपंखी ठरवलेलं शेवाळी निघतं. "हेच हवं होतं," त्या म्हणतात आणि वहीतला मोरपंखी खोडतात.

सुरुवातीला ॲसिड म्हणून व्हिनेगर वापरायच्या. त्यात गरम लोकरीचा वास मिसळला की तो जिन्यात तीन मजले भरायचा. वरच्या मजल्यावरून एकदा कौतुकाने विचारणा झाली, "बौदी, आज शुटकी?" सुकी मासळी! आयुष्यभर वरण-भात खाल्लेल्या काकूंनी त्या दिवशी व्हिनेगर सोडलं आणि लिंबूफूल धरलं. त्याला वास नाही. त्यानंतर शेजारणी खाली येऊ लागल्या, हातात विटक्या माकडटोप्या घेऊन. थंडीत सेंट्रल पार्कात सकाळी फिरणारे बरेचसे आजोबा आता शेवाळी आहेत.

मात्र टोपी ॲक्रिलिकची असेल तर हा रंग चढत नाही, म्हणून काकू आधी धागा जाळून बघतात. लोकर-रेशीम जळताना केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटात चुरते. कृत्रिम धागा वितळून त्याची कडक गुठळी होते. ही सवय त्यांनी हाजरा रोडच्या महाराष्ट्र निवासात, गणपतीतही नेली. एका बाईंच्या "प्युअर सिल्क" पैठणीच्या पदराचा सुटलेला धागा काकूंनी आरतीनंतर निरांजनावर धरला. टप्पकन गुठळी. सगळ्या बायका बघत होत्या. काकू म्हणाल्या, "सुरेख आहे हो! फक्त इस्त्री गरम नको."

या नादामुळे डासांबद्दलही त्यांना राग नाही. १८५६ साली अठरा वर्षांचा विल्यम पर्किन मलेरियावरचं क्विनाइन करायला गेला आणि हाती आला जांभळा रंग, जो रेशमावर चढला. "तो ॲसिड डाय नव्हता बरं का," हे त्या प्रामाणिकपणे सांगतात. पुढे १८९८ साली रोनाल्ड रॉसने डास मलेरिया कसा नेतो ते पक्ष्यांवर शोधलं, तेही याच कोलकात्यात. काकूंच्या मते दोन्ही मिळून एकच गोष्ट: डास नसते तर रंग नसते. हे ऐकताना सॉल्ट लेकचे डास आपल्याला फोडून काढत असतात.

परवा निघताना त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. "पांढरे झाले रे तुझे. केस म्हणजे लोकरच, चढेल रंग." मी चपला शोधू लागलो. त्या हिशेबात बुडाल्या होत्या. "अडचण एकच. डोकं अर्धा तास नव्वद अंशांवर ठेवावं लागेल."