विश्वबंधुत्व, भाडेतत्त्वावर

जगाची ओळख वर्ध्याला घरबसल्या होते. जपानी भिक्खू निचिदात्सु फुजी १९३३ साली गांधीजींना भेटायला इथंच आले होते. ब्रिटिश आरमारी अधिकाऱ्याची लेक मीराबेन शेगावच्या (आताच्या सेवाग्रामच्या) मातीच्या झोपडीत राहिली. १९९७ साली स्थापन झालेल्या महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विद्यापीठात परदेशी पोरं हिंदी शिकायला येतात. इथली खरी बोली त्यांना भाजीवाली शिकवते, "भाऊ, ताजी हाय, घेऊन घ्या ना!" त्यावर परीक्षेत गुण मिळत नाहीत, एवढंच.

या सगळ्यामुळे आमच्या बोरगाव मेघेतल्या सज्जनांना परसंस्कृतीवरची व्याख्यानं फार आवडतात. वक्ता 'दुसऱ्याचं ऐकून घेण्याची कला' यावर दीड तास बोलतो. मग वेळेअभावी प्रश्नोत्तरं रद्द होतात. (चहाला मात्र वेळ असतोच.) विश्वशांती स्तूपापुढं पाहुण्यासोबत फोटो, आणि घरी.

घरी वरची खोली रिकामी असते. वाशीमकडचा एक पोरगा विचारायला येतो. भाषा तीच, भाकर तीच, भाजीत तिखटही तेवढंच. मालक आपुलकीनं पाणी देतात, गावाचं नाव विचारतात, वडील काय करतात विचारतात. मग आडनाव. आडनावावरून उलगडा झाला नाही तर, "म्हणजे तुम्ही कोणत्यातले?"

पोरगा सांगतो. मालकांना एकदम आठवतं, खोली तर पुतण्याला द्यायची ठरली आहे. पुतण्या पुण्यात असतो, तिथंच त्याचा फ्लॅट आहे.

पुढच्या रविवारी जपानी संस्कृतीवर व्याख्यान आहे. मालक स्वागत समितीत आहेत.