गळबहाद्दर

वडसा आणि ब्रह्मपुरी यांच्यामधून वाहणारी वैनगंगा वैशाखात इतकी क्षीण होते की, गडचिरोली जिल्ह्यातील इसमास चंद्रपूर जिल्ह्यात प्रविष्ट होण्यासाठी ठिकठिकाणी धोतर गुडघ्यावर घेण्यापलीकडे काही कष्ट पडत नाहीत. आणि नेमक्या त्याच मोसमात, पांढऱ्या वाळूवरच्या घोटाभर पाण्यात, डोक्यावर सोला हॅट आणि हातात ९ फुटांची विलायती काठी घेऊन, तळाशी नजर लावून जपून पावले टाकणारे जे पेन्शनर गृहस्थ दृष्टीस पडतात, ते आमचे गळबहाद्दर होत.

यांची हयात मुलकी खात्यात गेली. मद्रास इलाख्यातील कलेक्टर हेन्री सलिव्हन थॉमस यांनी १८७३ साली ‘द रॉड इन इंडिया’ हा ग्रंथ लिहिला, आणि तो कलेक्टराने लिहिला असल्यामुळे त्यास सरकारी परिपत्रकाचे प्रामाण्य आहे, अशी यांची निष्ठा. परंतु पुढे कुठल्याशा सचित्र मासिकात यांनी बहामा बेटांकडील बोनफिशची हकिकत वाचली: हा मासा भरतीबरोबर उथळ पाण्यात चरावयास येतो, त्याच्या रुपेरी अंगात वाळूचेच प्रतिबिंब पडत असल्याने मासा न दिसता त्याची सावली तेवढी दिसते, गळाला लागताच तो एका दमात १०० वार दोरी ओढून नेतो, आणि काटे अतोनात असल्यामुळे धरणारा बहुधा त्यास सोडून देतो. त्या दिवसापासून वैनगंगा ही यांची बहामा झाली. वैनगंगा पुढे वर्धेला मिळून प्राणहिता होते आणि गोदावरीच्या संगतीने समुद्रास पोहोचते हे खरे. पण बोनफिशने उलट वाटेने वडशापर्यंत येण्याची तसदी अद्याप घेतलेली नाही.

मामा (माजी मालगुजारी) तलावांवर हे जात नाहीत. त्या तलावांतील मासेमारीचे ठेके मच्छीमार संस्थांकडे असतात, तेथे परवानगीचा अर्ज करावा लागतो, आणि इतरांचे अर्ज नामंजूर करण्यात ज्याची उमर गेली त्याच्या हातून स्वतःचा अर्ज लिहिला जात नाही.

गरीला गांडूळ लावणे यांच्या मते रानटीपणाचे आहे. हे कोंबड्याच्या मानेचे पीस गरीवर लाल रेशमाने गुंडाळून कृत्रिम माशी सिद्ध करतात. आणि त्या पिसासाठी चोरून भरणाऱ्या कोंबडबाजारात जाऊन, भोवतालची मंडळी झुंजीवर पैसे लावून ओरडत असता, हे एकेका कोंबड्याची मान, वरपक्षाने वधू पाहावी तशी, वळवून वळवून न्याहाळतात. पोलिसांची धाड पडलीच तर पळणाऱ्यांत हे सर्वांत मागे असतात, कारण पिसांची पुडी सांडू द्यायची नसते.

माशी फेकण्याच्या विद्येची मेख अशी की, माशीला वजन नसते, वजन दोरीला असते. म्हणून पुढे फेकण्यापूर्वी दोरी मागे तितकीच लांब भिरकवावी लागते. पुढे काय आहे याचा विचार ग्रंथकारांनी विस्ताराने केला आहे. मागे काय आहे याचा मात्र नाही. परिणामी यांच्या माशीने आजवर एका कोतवालाचा फेटा, तेंदूपानांची काही पुडकी आणि पुष्कळ बाभळी धरल्या आहेत. निसटलेल्या माशाचा तपशील मात्र हे अंदाजे वजन, पलायनाची दिशा आणि हजर साक्षीदार यांसह पंचनाम्याच्या शिरस्त्याने वहीत नोंदवितात.

कधीमधी बोटभर मासळी लागतेही. मग हे हात ओले करून गरी हलकेच सोडवितात, तिचे तोंड प्रवाहाकडे धरून तिला हुशारी येईपर्यंत ओणवे उभे राहतात, आणि सोडून देतात. एकदा हा सोहळा डोंग्यातून पाहणाऱ्या एका म्हाताऱ्या धीवराने विचारले, “सायेब, सोडाचाच होता त धरलाच कायले?” उभ्या नोकरीत रयतेच्या कोणत्याही प्रश्नावर नियमाचे कलम तोंडपाठ सांगणारे साहेब त्या दिवशी निरुत्तर होऊन माशी बदलू लागले.

तथापि, वैनगंगेतल्या मासळीला आणि तिच्यावर पोट भरणाऱ्या धीवरांना यांच्यापासून कवडीची तोशीस लागलेली नाही, ही गोष्ट निवृत्त अंमलदाराविषयी सहसा लिहिता येत नाही, म्हणून मुद्दाम नमूद करतो. साहेबाच्या पुढून आणि घोड्याच्या मागून जाऊ नये, असे जाणती माणसे सांगत आली आहेत. वैशाखात वडशाकडून नदी उतरणाऱ्यांनी या साहेबांच्या पुढून खुशाल जावे, मागून मात्र जाऊ नये.