साठच्या कॅसेटवरचे इंडिपॉप

१९९०च्या दशकात चित्रपटांपासून स्वतंत्रपणे, अल्बमच्या रूपाने बाजारात आलेल्या आणि मुख्यतः हिंदीत गायल्या गेलेल्या लोकप्रिय गाण्यांना ‘इंडिपॉप’ असे म्हटले जाते. दलेर मेहंदी यांचा ‘बोलो ता रा रा’ व अलिशा चिनॉय यांचा ‘मेड इन इंडिया’ (दोन्ही १९९५) आणि लकी अली यांचा ‘सुनो’ (१९९६) हे त्यातील ठळक टप्पे होत; तथापि आज पन्नाशीकडे झुकलेला मराठी श्रोता ‘आमच्या वेळची गाणी’ म्हणून ज्यांच्यासाठी उसासे टाकतो, ती या अल्बममधली नसून त्याने स्वतः भरून घेतलेल्या कॅसेटमधली असतात.

कंपनीची कॅसेट विद्यार्थ्याच्या खिशाला जड जात असल्याने कोरी कॅसेट व गाण्यांची यादी दुकानदाराच्या हवाली करून गाणी भरून घेण्याची प्रथा तेव्हा रूढ होती. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची फीत पातळ असल्याने ती टेपरेकॉर्डरमध्ये गुंतण्याचा धोका अधिक, म्हणून जाणती मंडळी ‘साठची’च घेत. तिच्या प्रत्येक बाजूस तीस मिनिटे मिळत, व पाच मिनिटांच्या सहा गाण्यांचा हिशेब कागदावर चोख जमत असला, तरी प्रत्यक्षात सहावे गाणे शेवटच्या कडव्यात तुटे. परिणामी कित्येक गाणी कशी संपतात, हे या पिढीला ठाऊकच नव्हते.

कोरी कॅसेटही परवडेनाशी झाली की घरातल्या भक्तिगीतांवर संकट येई. विकतच्या कॅसेटवर चुकून दुसरे काही भरले जाऊ नये यासाठी तिच्या वरच्या कडेला दोन खाचा मोकळ्या ठेवलेल्या असतात. त्यांवर सेलोटेपचा तुकडा चिकटवला की हे संरक्षण संपुष्टात येते. ही विद्या घरोघरी पोहोचल्यावर एकादशीच्या पहाटे वडिलांनी श्रद्धेने लावलेला अभंग दुसऱ्या चरणातच संपून ढोलासह भांगडा सुरू होण्याचे प्रसंग ओढवू लागले.

‘हा काय धिंगाणा!’ हा वडीलधाऱ्यांचा आक्षेप मात्र सर्वस्वी ग्राह्य धरता येत नाही. ‘कुर्बानी’ (१९८०) या चित्रपटातील नाझिया हसनच्या गाण्यावर ज्या काकांनी ऐन तारुण्यात पाय मोकळे केले होते, तेच पुढे ‘मेड इन इंडिया’ लागले की दूरचित्रवाणी संच बंद करीत, आणि या दोन्ही गाण्यांचे संगीतकार बिद्दू हेच होते, याची त्यांना गंधवार्ता नसे. काकूंचा विरोध त्या मानाने लवचिक होता. ‘मेड इन इंडिया’च्या चित्रफितीत शेवटी अवतरणाऱ्या देखण्या तरुणाचे आडनाव सोमण आहे असे कळताच त्यांनी ते गाणे अखेरपर्यंत पाहण्यास अनुमती दिली.

आता सगळी गाणी मोबाइलवर अखंड मिळतात, तरी या श्रोत्याचे समाधान होत नाही. एक गाणे संपल्यावर यादीतले पुढचे लागले नाही की तो अस्वस्थ होतो. आणि तीस वर्षे तुटकेच ऐकलेले गाणे शेवटच्या कडव्यासह प्रथमच पूर्ण वाजते, तेव्हा मान हलवून मुलांना सांगतो, ‘हे ओरिजिनल नव्हे, नंतर कोणीतरी वाढवलंय.’