दिसायलाच हवी ती पावडर

शनिवार पेठेत पावडर लावण्यामागचा हेतू पूर्वी अगदी सरळ होता. ती दिसायला हवी. संध्याकाळी तोंड धुऊन, केस विंचरून, मानेवर पांढरे पट्टे ओढून बाई ओंकारेश्वराला निघाली, की सगळ्या वाड्याला कळायचं, हिचं आवरलंय. आता हिला कुणी दळणाचं सांगू नये. रमणबागेत जाणाऱ्या मुलांच्या तोंडावरही आया अशा पावडर थापायच्या, की पोरानं आंघोळ केल्याची खात्री मास्तरांना फाटकातूनच पटावी.

मेहुणपुऱ्यातल्या आमच्या घरी पावडरचा एक पत्र्याचा डबा असे. झाकण फिरवून भोकं जुळवायची आणि डबा तळहातावर आपटायचा. आईच्या मते तो चेहऱ्यासाठी, आजोबांच्या मते घामोळ्यांसाठी आणि आमच्या मते कॅरमसाठी होता. तिघांचंही बरोबर होतं. पावडरीतलं शंखजिरं हे कठिणपणाच्या मोजपट्टीवर १ क्रमांकाचं, म्हणजे सगळ्यात मऊ खनिज. नखानंही त्यावर ओरखडा उठतो. राणी सरसर सरकायची ती त्याच्याच जोरावर. मे महिन्यात डबा आठवडाभरात कसा संपतो, याचा तपास आईनं कधी बोर्डापर्यंत नेला नाही.

दिसण्याचा हा आग्रह आमच्याकडे नाटकांतूनही आला असावा. बालगंधर्वांच्या काळात रंगपटात सफेदा आणि पिवडी असे, आणि शेवटच्या रांगेतल्या चार आणेवाल्यालाही नायिकेचा गाल दिसावा लागे. घरच्या बायकांसाठी मग पाटणवालांचा अफगाण स्नो आला. आमच्या सासूबाई अजून स्नो-पावडर हा एकच शब्द असल्यासारखा उच्चारतात. आधी बोटभर स्नो, तो ओला असतानाच पावडर. त्या मिश्रणाला घाम फुटत नसे. भावनाही फुटत नसत.

आता माझी लेक. तिला तुळशीबाग पिनांपुरती चालते. पावडर मात्र लूज की प्रेस्ड, मॅट की ट्रान्सल्युसंट, असा काथ्याकूट करून येते. रंगाची छटा जबड्याच्या कडेला लावून उजेडात बघायची असते. आमच्या मधल्या खोलीत भर दुपारीही दिवा लावावा लागतो, म्हणून ती जबड्यावर तीन रेघा ओढून गॅलरीत उभी राहिली. समोरच्या काकू तांदूळ निवडत होत्या.

"डावीकडची बरी दिसतेय गं," त्या म्हणाल्या. "मधली म्हणजे अगदी कावीळ."

लेकीनं डावीकडचीच घेतली. काकूंची नजर पेठेत मान्यताप्राप्त आहे.

तिची पद्धत मात्र मला पटते. पफावर जरा पावडर घ्यायची, मनगटावर झटकायची आणि चेहऱ्यावर नुसती दाबायची; घासली की खालचं फाउंडेशन सरकतं. तिची कातडी तेलकट, म्हणून कपाळ, नाक, हनुवटी. माझी कोरडी, म्हणून मला नाकापुरतीच परवानगी, कारण सुरकुत्यांत पावडर जाऊन बसली की त्या नकाशातल्या नद्यांसारख्या ठळक होतात. डोळ्यांखाली ती जाड थर देऊन पाच-दहा मिनिटं स्वस्थ बसते. तेवढ्यात बेल वाजली तर दार मी उघडते.

सासूबाईंनी हा सोहळा खुर्चीत बसून पुरता पाहिला. मग डबी हातात घेऊन किंमत वाचली. चष्मा पुसून परत वाचली.

"आणि एवढं करून काहीच दिसत नाही की गं!"

"आजी, दिसू नये म्हणूनच तर लावायची!"

"मग न लावताही दिसत नाहीच की."

या युक्तिवादाला उत्तर नाही. मी भाजीला फोडणी द्यायला निघून गेले.

पुढे भाच्याच्या लग्नात सगळ्याच मुलींनी एचडी पावडर लावली होती. कार्यालयात एकेक चेहरा कसा नितळ! पण अशा पावडरीत बारीक सिलिका असते. साध्या डोळ्यांना ती दिसत नाही, फ्लॅश पडला की मात्र सगळा उजेड कॅमेऱ्याकडे परत धाडते. अल्बम आला. करवल्यांच्या रांगेत लेकीचं नाक आणि डोळ्यांखालचे दोन अर्धगोल पांढरेफटक चमकत होते. ती अल्बम लपवायला निघाली, तोवर तो सासूबाईंच्या मांडीवर पोचलाही होता. त्यांनी तो फोटो लांब धरून, मग जवळ धरून पाहिला आणि पहिल्यांदाच समाधानानं मान डोलावली.

"हां! आता कसं! पैसे वसूल."